डिस्लेक्सिया समजून घेऊन करिअर कसं निवडायचं

डिस्लेक्सिया असलेल्या मुलाच्या करिअरचा विषय निघाला की दोन सल्ले हमखास कानावर येतात. पहिला, "याला अभ्यास झेपायचा नाही, हाताचं काहीतरी शिकवा." दुसरा, "अशी मुलं फार क्रिएटिव्ह असतात, चित्रकलेला घाला." दोन्ही सल्ले समोरच्या मुलाकडे न बघता दिलेले असतात आणि म्हणूनच फसतात. वाचनाची अडचण असलेले लोक वकिली करतात, रुग्ण तपासतात, प्रयोगशाळा चालवतात, यंत्रं दुरुस्त करतात; आणि त्यांतल्या अनेकांना चित्र धड काढता येत नाही. क्षेत्र कुठलंही असो, तिथे दिवसभरात वाचायचं किती, लिहायचं किती, ते किती घाईत, आणि त्यातलं किती ओझं साधनांवर टाकता येतं, हा हिशेब आधी मांडायला हवा. तो मांडण्यासाठी अडचण नेमकी कुठे आहे हे माहीत असावं लागतं, म्हणून सुरुवात तिथून करू.

अडचण कुठे असते

१८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी १४ वर्षांच्या एका मुलाची नोंद प्रसिद्ध केली. मुलगा हुशार, हिशेबात ठीक, नजर चांगली, पण वाचन जवळजवळ नाहीच. स्वतःचं 'पर्सी' हे नाव लिहिताना तो 'प्रेसी' लिहून गेला, आणि एकापेक्षा जास्त वेळा दाखवल्याशिवाय ती चूक त्याच्या लक्षात आली नाही. सगळं शिक्षण तोंडी दिलं असतं तर हा शाळेतला सर्वांत चलाख मुलगा ठरला असता, असं त्याच्या शिक्षकांचं मतही त्या नोंदीत आहे. सव्वाशे वर्षांनंतरही डिस्लेक्सियाचं वर्णन बरंचसं असंच करावं लागतं: समज शाबूत, बोलणं शाबूत, पण छापील शब्दाशी झटापट.

बोललेला शब्द सुट्या ध्वनींचा बनलेला असतो. 'कपाट' हा शब्द ऐकून त्यातले क, पा, ट वेगळे करणं, किंवा मधला पा काढला तर काय उरेल ते सांगणं, हे बहुतेक मुलांना हळूहळू सहज जमू लागतं. डिस्लेक्सियात हीच जागा कच्ची राहते. ध्वनी आणि अक्षर यांची जोडी पक्की बसत नाही, त्यामुळे ओळखीचा शब्दही दर वेळी नव्याने जुळवावा लागतो. जुळवण्यातच सगळी शक्ती खर्च झाली की वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात निसटलेली असते. तोच परिच्छेद कोणी वाचून दाखवला तर अर्थ लगेच कळतो. निदानाच्या आधीसुद्धा घरच्या घरी दिसणारी ही सर्वांत बोलकी खूण आहे.

याच्या जोडीला दोन गोष्टी वारंवार दिसतात. रंग, आकडे, वस्तू यांची नावं पटापट सांगताना वेग कमी पडतो. आणि एकापाठोपाठ सांगितलेल्या तोंडी सूचना डोक्यात धरून ठेवणं अवघड जातं: पाचपैकी दोन लक्षात राहतात, तीन गळतात. करिअरच्या हिशेबात या दोन गोष्टी वाचनाइतक्याच महत्त्वाच्या ठरतात, आणि नेमक्या त्याच विसरल्या जातात.

डिस्लेक्सिया घराण्यात उतरतो. आई किंवा वडिलांना असेल तर मुलाला असण्याची शक्यता बरीच वाढते. त्यामागे एकच जनुक नसून अनेक आहेत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात डिस्लेक्सियाशी संबंध असलेल्या जनुकसंचातल्या ४२ जागा सापडल्या. व्याख्या किती कडक धरायची त्यावर प्रमाण बदलतं, पण साधारण ५ ते १० टक्के लोकांना तो असतो असं मानलं जातं. तीव्रताही सारखी नसते. एकाला फक्त वेग कमी पडतो, दुसऱ्याला दुकानाची पाटी वाचतानाही थांबावं लागतं.

लिपीप्रमाणे त्याचं रूप बदलतं. इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ नसल्यामुळे चुका ढीगभर दिसतात. देवनागरीत लिहिल्याप्रमाणे बरंचसं वाचता येत असल्यामुळे मुलगा चुका कमी करतो, पण वाचतो फार सावकाश, आणि म्हणून अनेकदा कोणाच्या नजरेत येत नाही. तो अडखळतो ते ठरावीक जागी. 'क्रम' आणि 'कर्म' यांत रकार कुठे बसला ते हुकतं. 'स्पर्श'चा 'पर्श' होतो. 'कि' लिहिताना वेलांटी आधी, उच्चारताना मात्र नंतर, तिथे गोंधळ उडतो. जोडाक्षर आलं की आवाज एकदम खाली जातो, किंवा तो शब्द गाळून पुढे उडी मारली जाते. निव्वळ ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवरून मात्र काहीच ठरवू नका. त्या चांगल्या वाचकांच्याही होतात.

गैरसमज दूर करायला दोन-तीन वाक्यं पुरेत. हा डोळ्यांचा दोष नाही. रंगीत काचांचे चष्मे किंवा डोळ्यांचे व्यायाम यांनी वाचन सुधारतं असा भक्कम पुरावा नाही. उलटी अक्षरं काढणं लहान वयात सगळ्याच मुलांत दिसतं. 'डिस्लेक्सियासाठी खास' म्हणून मिळणाऱ्या फॉन्टपेक्षा अक्षरांतली आणि ओळींमधली मोकळी जागा वाढवण्याचा उपयोग जास्त दिसला आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

तपासणी: काय मागायचं, अहवालात काय बघायचं

आधी नजर आणि श्रवण तपासून घ्या. ते ठीक असेल तर शैक्षणिक मूल्यमापन करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांकडे जा. वाचायला शिकून साधारण दोन वर्षं झाल्यावर, म्हणजे सात-आठ वर्षांच्या पुढे, निदान भरवशाचं होतं. त्याआधी 'धोका आहे' एवढंच म्हणता येतं, पण मदत सुरू करायला तेवढं पुरतं. निदानाची वाट बघत वर्षं घालवू नका. मोठेपणीही तपासणी होते. चित्रपट दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांना साठीच्या आसपास आपल्याला डिस्लेक्सिया असल्याचं कळलं.

नीट केलेली तपासणी काही तासांची असते, कधी दोन बैठकांत होते. तिच्यात या गोष्टी आहेत का ते आधीच विचारा: सुट्या शब्दांचं वाचन, अर्थ नसलेल्या बनावट शब्दांचं वाचन (पाठांतराने वाचणारं मूल इथे उघडं पडतं), वाचनाचा वेग, शुद्धलेखन, ध्वनी वेगळे करण्याची चाचणी, पटापट नावं सांगण्याची चाचणी, तात्पुरती स्मरणशक्ती, आणि तोंडी समज. मूल दोन भाषांत शिकत असेल तर दोन्ही भाषांत तपासणी व्हावी. एकाच भाषेत, तीही घरी न बोलल्या जाणाऱ्या भाषेत, झालेली तपासणी भाषेच्या अनोळखीपणालाच डिस्लेक्सिया समजू शकते किंवा उलट खरा डिस्लेक्सिया त्याआड लपू शकतो. एकाग्रतेची अडचण अनेकदा सोबत असते, तिचीही वेगळी तपासणी मागा.

अहवाल हातात आला की शेवटचं 'निदान' वाचून फाइल बंद करू नका. आकड्यांमधली दरी बघा. तोंडी समज वरच्या पातळीवर आणि वाचनाचा वेग खाली असेल, तर ऐकून शिकणं आणि जादा वेळ या दोन गोष्टींनी खूप फरक पडेल. तात्पुरती स्मरणशक्ती खाली असेल, तर तोंडी हुकमांवर चालणाऱ्या कामात आधाराची सोय लागेल. ध्वनींची बाजू बरी पण नावं पटापट सांगणं मंद, असं असेल तर शुद्धता सुधारेल पण वेग मागे राहील, असं धरून चाला. करिअरचा सल्ला देणाऱ्या समुपदेशकांसमोर हेच पान उघडायचं. परीक्षा मंडळं बहुधा अलीकडचा अहवाल मागतात, त्यामुळे मोठ्या परीक्षेच्या वर्षभर आधी तारीख तपासा.

काय सुधारतं, काय तसंच राहतं

ध्वनी आणि अक्षर यांची जोडी पायरीपायरीने, उघडपणे समजावून, भरपूर उजळणीसह शिकवली तर वाचन सुधारतं. हा या विषयातला सर्वांत खात्रीचा निष्कर्ष आहे. आठवड्यातून एकदा तासभर बसण्यापेक्षा रोज २० ते ३० मिनिटं चांगली. मोठ्यांनाही याचा फायदा होतो. पण शुद्धता जेवढी वाढते तेवढा वेग वाढत नाही. म्हणून करिअर आखताना 'पुढे वेग येईलच' असं गृहीत धरू नये. वेग आहे तेवढाच राहील असं धरून आखणी करावी, वाढला तर उत्तमच.

आपला वेग मोजणं सोपं आहे. ज्या क्षेत्रात जायचं आहे तिथलाच साधारण ३०० शब्दांचा अनोळखी उतारा घ्या. मनात वाचा, वेळ लावा, मग न बघता चार मुद्दे सांगा. दुसरा तसाच उतारा फोनला वाचून दाखवायला लावा आणि पुन्हा चार मुद्दे सांगा. समजा वाचायला तीन मिनिटं लागली, म्हणजे मिनिटाला १०० शब्द. एखाद्या कामात रोज ३०० शब्दांची ४० पानं वाचावी लागत असतील तर ते झाले १२,००० शब्द, म्हणजे दोन तास निव्वळ वाचन. मिनिटाला २०० शब्द वाचणाऱ्या सहकाऱ्याला एक तास लागेल. रोजचा हा जादा तास कुठून येणार? ऐकून समज चांगली असेल तर तो वाचवता येतो, कारण सवयीने बरेच लोक नेहमीच्या बोलण्यापेक्षा दीडपट वेगानेही आरामात ऐकतात. हे उत्तर आधी मिळालं तर क्षेत्र सोडायची गरज पडत नाही, आणि उत्तरच नसेल तर तेही आधी कळलेलं बरं.

कामाची चिरफाड

आता मुख्य भाग. मनात असलेली तीन-चार कामं निवडा आणि प्रत्येक ठिकाणी ते काम करणाऱ्या माणसासोबत एक-दोन दिवस थांबा. फोनवर विचारून भागत नाही. लोक आपल्या कामातलं वाचन-लिखाण सांगायला विसरतात, कारण त्यांना ते जाणवतच नाही. वहीत हे प्रश्न लिहून न्या:

१. अनोळखी मजकूर घाईत वाचावा लागतो का? दिवसातून किती वेळा?
२. लिहिलेलं न तपासता लगेच पुढे पाठवावं लागतं का, की मध्ये वेळ मिळतो?
३. आकडे, नावं, कोड एका ठिकाणाहून दुसरीकडे हाताने उतरवावे लागतात का?
४. तोंडी सूचना एका दमात किती येतात? लिहून घ्यायची मुभा आहे का?
५. लोकांसमोर मोठ्याने वाचावं लागतं का?
६. चूक झाली तर ती कोण पकडतं, आणि न पकडल्यास काय होतं?

प्रत्येकाला शून्य ते तीन गुण द्या (शून्य म्हणजे त्रास नाही, तीन म्हणजे फार त्रास) आणि शेजारी लिहा: साधन आहे, माणूस आहे, की काहीच नाही. एकूण बेरजेपेक्षा 'तीन गुण आणि काहीच नाही' अशा जागा मोजा. अशी एखादी जागा असेल तर चालतं. तीन-चार असतील तर त्या कामात माणूस दमून जातो, कितीही हुशार असला तरी. सहावा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. चूक पकडायची व्यवस्था असलेल्या ठिकाणी डिस्लेक्सिया असलेला माणूस निर्धास्त काम करतो. जिथे शेवटची नजर त्याचीच असते तिथे रोज ताण.

असं तपासलं की क्षेत्रांचं चित्र वेगळंच दिसू लागतं.

सॉफ्टवेअर घ्या. दिवसभर मजकूर, म्हणून लोक आधीच घाबरतात. पण प्रोग्राम लिहिताना शब्द अर्धा टाइप केला की संगणक पुरा करतो, चुकलेलं नाव लगेच लाल होतं, आणि प्रोग्राम चालला नाही की चूक तिथेच कळते. म्हणजे सहाव्या प्रश्नाचं उत्तर फार चांगलं आहे. त्रास होतो तो दुसरीकडे: लांबलचक कागदपत्रं, आणि दिवसभर धावणारे लेखी संवाद. नोकरीच्या चौकशीत पगाराइतकंच हेही विचारा की टीम बोलून ठरवते की लिहून.

आरोग्यसेवेत उलटं आहे. रुग्णाशी बोलणं, तपासणं, बघून ओळखणं यांत डिस्लेक्सिया आड येत नाही. अमेरिकेतल्या डॉ. बेरिल बेनासेराफ यांना डिस्लेक्सिया होता. त्यांनी सोनोग्राफीत गर्भाच्या मानेमागची जाड झालेली त्वचा टिपली आणि १९८५ साली तिचा डाउन सिंड्रोमशी असलेला संबंध मांडला. प्रतिमा वाचण्याचं काम त्यांना शब्द वाचण्यापेक्षा कितीतरी सोपं होतं. पण औषधांची सारखी दिसणारी नावं आणि मात्रेतला दशांश चिन्हाचा फरक, इथे चूक परवडत नाही. म्हणून नियम पक्के हवेत: नाव आणि मात्रा मोठ्याने उच्चारायची, दुसऱ्याने ती परत म्हणायची, जिथे बारकोड आहे तिथे हाताने उतरवायचं नाही, संक्षेप वापरायचे नाहीत. पाळी बदलताना एकाच ठरलेल्या क्रमाने माहिती द्यायची. चांगल्या रुग्णालयांत हे सगळ्यांनाच लागू असतं, त्यामुळे वेगळं काही मागावंही लागत नाही.

संशोधनात अडसर बहुधा कामात नसतो, प्रवेशात असतो. कॅरल ग्रायडर यांना २००९ चा वैद्यकशास्त्राचा नोबेल मिळाला. डिस्लेक्सियामुळे प्रवेश परीक्षेतले त्यांचे गुण कमी होते, आणि अर्ज केलेल्या अनेक विद्यापीठांपैकी दोनच ठिकाणी त्यांना प्रवेश मिळाला. मात्र प्रयोगशाळेतला अनुभव त्यांच्याकडे भरपूर होता. २०१७ चा रसायनशास्त्राचा नोबेल मिळालेले झाक द्युबोशे यांनाही डिस्लेक्सिया होता. यातून घ्यायचं ते हे: प्रवेशाची चाळणी आणि प्रत्यक्ष काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाळणी अवघड म्हणून काम सोडू नका. चाळणीसाठी सवलत मागा आणि कामाचा पुरावा आधीच जमवा. (आइन्स्टाइन आणि लिओनार्दो यांची नावं मात्र या यादीत घेऊ नयेत. त्यांना डिस्लेक्सिया होता याला पुरावा नाही, आणि मुलांना खऱ्या उदाहरणांची गरज असते.)

वकिलीत वाचन प्रचंड. तरीही अमेरिकन सरकारतर्फे मायक्रोसॉफ्टविरुद्धचा खटला लढवणारे डेव्हिड बॉइज यांना डिस्लेक्सिया आहे. कमी वाचायचं पण नेमकं वाचायचं, वाचलेलं पक्कं ध्यानात ठेवायचं आणि उभं राहून बोलायचं, अशी त्यांची पद्धत. हे ज्याची तोंडी समज आणि दीर्घ स्मरण उत्तम आहे त्यालाच झेपेल. मसुदे तपासण्याच्या कनिष्ठ पदावर मात्र पहिली काही वर्षं जड जातात, त्याची तयारी ठेवूनच या वाटेने जावं.

वास्तुरचना, यंत्र-दुरुस्ती, विद्युतकाम, सुतारकाम, छायाचित्रण, स्वयंपाकघर, विक्री, शेती, या कामांत हात, नजर आणि माणसं यांचा वाटा मोठा. पण 'लिहावं लागत नाही' हा भ्रम आहे. विद्युतकाम करणाऱ्याला सुरक्षेची लेखी परीक्षा असते, विक्रीत अहवाल असतात, आचाऱ्याला घाईत हाताने खरडलेल्या ऑर्डर वाचाव्या लागतात. अडचण बहुतेक वेळा कामापेक्षा परवान्याच्या लेखी परीक्षेत येते, म्हणून त्या परीक्षेची तयारी प्रशिक्षणाच्या पहिल्या महिन्यापासून ऐकून आणि चित्रांतून सुरू करावी.

डिस्लेक्सिया असलेल्यांची चित्र-अवकाशाची समज, म्हणजे आकार आणि जागा मनात उभी करण्याची क्षमता, जन्मतःच जास्त असते, असं सर्रास म्हटलं जातं. पुरावा मिश्र आहे. काही चाचण्यांत ते पुढे दिसले, अनेकांत फरक नाही. म्हणून मूल आर्किटेक्ट होईल की नाही हे डिस्लेक्सियावरून ठरवू नका, त्याच्या हातून काय घडतं त्यावरून ठरवा.

स्वतःचा व्यवसाय ही वाट अनेकजण धरतात. संशोधक ज्युली लोगन यांनी अमेरिकेतल्या उद्योजकांची पाहणी केली तेव्हा ३५ टक्के जणांनी डिस्लेक्सियाची लक्षणं सांगितली. नमुना लहान होता आणि माहिती त्यांनीच स्वतःबद्दल दिलेली होती, तेव्हा त्यावर फार भार टाकू नये. फायदा मात्र खरा आहे: कामाची पद्धत स्वतः ठरवता येते. आयकियाचे संस्थापक इंगवार कांप्राड यांना वस्तूंचे आकडी कोड लक्षात राहत नसत, म्हणून त्यांनी फर्निचरला गावांची आणि माणसांची नावं दिली. धोकाही तितकाच खरा: न वाचता सही केलेला करार, हुकलेली कराची मुदत. पहिला पगारी माणूस नेमाल तो कागद वाचणारा असावा, आणि कुठलाही करार त्याच दिवशी सही करायचा नाही, हा नियम असावा.

मुद्रितशोधन, वेगाने डेटा भरणं, तोंडी मजकुराचं जागेवर लेखन ही कामं खरोखर अवघड. तिथे कामाचा गाभाच ही कमजोर जागा आहे, साधनांनी ती झाकली जात नाही. आवड अगदी उत्कट नसेल तर तिकडे जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

परीक्षा आणि सवलती

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंगत्व हक्क करारात 'वाजवी सोय' देण्याचं तत्त्व आहे आणि अनेक देशांचे नियम त्यावर बेतलेले आहेत. परीक्षेत सहसा जादा वेळ, वाचून दाखवणारा, लेखनिक, संगणक, वेगळी खोली, शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण न कापणं यांपैकी काही मिळतं. अर्ज मुदतीच्या बराच आधी करा.

सवलत मिळूनही फायदा होत नाही याचं कारण बहुतेक वेळा एकच: सराव केलेला नसतो. लेखनिकाला सांगणं हे वेगळं कौशल्य आहे. विद्यार्थी आपल्या वेगाने बोलत सुटतो, लेखनिक मागे पडतो, मग वाक्य तुटतं आणि मुद्दा हरवतो. आधी कच्च्या कागदावर चार शब्दांत मुद्दे मांडायचे, एका दमात एकच वाक्य सांगायचं, लेखनिकाचा हात थांबला की पुढचं. किमान पाच-सहा पूर्ण प्रश्नपत्रिका याच पद्धतीने सोडवलेल्या असाव्यात. जादा वेळही आधीच वाटून ठेवा: अर्धा प्रश्न दुसऱ्यांदा वाचायला, अर्धा उत्तरं तपासायला. तो एकाच प्रश्नावर गेला तर मिळून न मिळाल्यासारखा होतो.

मुलाखत आणि नोकरीचे पहिले महिने

सांगायचं की नाही? ज्या सोयीशिवाय निवड चाचणीच देता येणार नाही ती असेल तर अर्जातच सांगा. नाहीतर निवड झाल्यावर, कामावर रुजू होण्याआधी सांगणं सहसा सोयीचं. अडचणीत सापडल्यावर सांगितलं तर ते सबबीसारखं ऐकू येतं, म्हणून तिथवर थांबू नका. सांगताना आजाराचं वर्णन नको, काम कसं होईल ते सांगा: "मला डिस्लेक्सिया आहे. छापील मजकूर वाचायला मला वेळ लागतो, म्हणून मी लांब अहवाल ऐकून वाचते. बैठकीची कागदपत्रं आदल्या दिवशी मिळाली तर मी पूर्ण तयारीने येईन. तोंडी सूचना मी लिहून घेते, त्यामुळे मधे थांबवून विचारेन." एवढं पुरे. मागणी दोन किंवा तीनच ठेवा, आणि प्रत्येक मागणी नेमकी असू द्या. 'थोडं समजून घ्या' ही मागणी कोणालाच पुरी करता येत नाही.

रोजच्या कामात या सवयी लावा. पत्र किंवा ईमेल बोलून लिहा, फोनला ते परत वाचायला लावा. चुकलेला शब्द डोळ्यांतून सुटतो, कानातून सुटत नाही. पाठवण्यापूर्वी निदान दोन मिनिटं थांबा. वारंवार लागणाऱ्या मजकुराचे साचे करून ठेवा. सहकाऱ्यांची आणि ग्राहकांची नावं एका यादीत बरोबर लिहून ठेवून तिथूनच उचला. आकडा उतरवायचाच असेल तर दोन-दोन अंकांनी म्हणा, ४५१८ ला 'पंचेचाळीस, अठरा', आणि तपासताना उलट्या बाजूने या. बैठकीनंतर "मला कळलं ते असं" म्हणून तीन ओळी पाठवा. गळलेली सूचना तिथेच सापडते. जड वाचन सकाळी उरका. दुपारनंतर तोच मजकूर जास्त वेळ घेतो, आणि तो आळस नसतो, खरोखरचा थकवा असतो.

शेवटी एक सापळा, जो चांगलं काम करणाऱ्यांनाच लागतो: बढती. हातात कसब असलेला तंत्रज्ञ पर्यवेक्षक होतो आणि एका महिन्यात त्याचा दिवस यंत्राकडून वेळापत्रकं, मूल्यांकनं आणि अहवालांकडे सरकतो. काम तेच, कंपनी तीच, पण वर मांडलेला सगळा हिशेब पालटलेला असतो, आणि माणसाला वाटतं आपणच कमी पडतोय. बढतीचं पत्र आलं की होकार देण्याआधी ते सहा प्रश्न नव्या पदासाठी पुन्हा भरा. 'काहीच नाही' अशा जागा निघाल्या तर त्यांच्यासाठी काय हवं ते तेव्हाच मागा: अहवालाचा ठरलेला साचा, बोलून लिहिण्याचं साधन, मसुद्यावर नजर टाकणारा सहकारी. रुजू होण्याआधी मागितलेली सोय अटींमध्ये बसते. आणि काही ठिकाणी व्यवस्थापनाकडे न वळता तज्ज्ञ म्हणूनच वर जाण्याची वाट असते. ती आहे का, हेही त्याच बैठकीत विचारा.